सोनाळा, स्माइल प्लीज!

संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा. मागे सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य, पुढे संत्र्याच्या बागा. आणि डोक्यावर? कॅमेरे! नवा लेआउट पडो, बाग लागो की शेत पडीक राहो, वरून सगळं टिपलं जातंय.

गुंठाभर गंमत: युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. किती झाले, माहीत आहे का? जवळपास एक गुंठा! अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ऐसपैस: ३० बाय ३०, म्हणजे साधारण नऊ गुंठे. प्लॉटवाले, ऐकताय ना?

नो लेट मार्क: सेंटिनेल-२ची जोडी दर पाच दिवसांनी हजर. तीही सकाळी साडेदहाच्या आसपासच!

पीक लाजलं? उपग्रहाच्या खास चित्रांत हिरवंगार शेत चक्क लाल दिसतं! पानं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवतात, आणि चित्रात त्यांना लाल रंग देतात.

काळ्या मातीचा चकवा: उन्हाळ्यात नांगरलेलं रान आणि सिमेंटची वस्ती यांत कॉम्प्युटरही गडबडतो. तोड सोपी: ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवा. शेत हिरवं होतं, स्लॅब नाही!

संत्रं सापडलं: एप्रिलमध्ये कपाशीचं रान मोकळं, संत्र्याची बाग मात्र हिरवी. सातबाऱ्यावर पेरा काहीही असो, उपग्रह पानंच वाचतो.

तलाव कुठाय? जवळच्या वान धरणाचा हनुमान सागर आज अंतराळातून मस्त दिसतो. पहिला लँडसॅट १९७२ साली उडाला. त्या वेळच्या चित्रांत हा जलाशय शोधूनही सापडायचा नाही!

जिल्ह्याचा सेलिब्रिटी: २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं. लँडसॅट-८ने २५ मेला टिपलं हिरवं, १० जूनला गुलाबी. सोळा दिवसांत फुल मेकओव्हर!

देशी नजर: भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी झेपावला, पण कुठून, माहीत आहे का? श्रीहरिकोटा नव्हे, सोव्हिएत बैकानूर! महाराष्ट्राच्या जमिनीचे उपग्रह-चित्रांवरून नकाशे आज नागपूरचं राज्य सुदूर संवेदन केंद्र बनवतं.

फुकट ते पौष्टिक: लँडसॅटचा अख्खा अल्बम २००८ पासून मोफत. इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळही आहेच. उघडा आणि शोधा आपलं शिवार!

फक्त एक सूचना: बांधाच्या भांडणात उपग्रहाला साक्षीला बोलावू नका. फूटभर बांध १० मीटरच्या ठिपक्यात कुठला दिसायला!