फोटो-दुरुस्तीचें साधन: मालकीचें कीं वर्गणीचें?

पूर्वीं कुटुंबाचा फोटो काढावयाचा म्हणजे सारी मंडळी ठेवणींतले कपडे घालून स्टुडिओंत जात. फोटोग्राफर बारीक कुंचल्यानें चेहऱ्यावरील डाग झांकी, प्रत हातीं देई आणि आपले पैसे एकदांच घेई. ती तसबीर भिंतीवर चाळीस वर्षें राहिली, तरी तिच्यापायीं दरमहा कोणी पैसे मागावयास येत नसे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आला आहे आणि कुंचल्याचें काम मोबाईलवरील किंवा संगणकावरील ॲप करूं लागलें आहे. परंतु त्या कुंचल्याचें भाडें मात्र दरमहा भरावें लागतें, असा पुष्कळांचा अनुभव आहे. हें भाडें टाळतां येईल काय, आणि टाळावयाचें तर साधन कसें निवडावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

वर्गणीची ही पद्धत फार जुनी नाहीं. फोटोशॉप हा प्रोग्राम १९९० मध्यें विक्रीस आला आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ तो एकदां किंमत देऊन विकत घेतां येत असे. २०१३ मध्यें ॲडोबी कंपनीनें त्याच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीदारांस मिळतील असें जाहीर केलें. तिच्याच लाइटरूमची कायम मालकीनें मिळणारी शेवटची मोठी आवृत्ति २०१५ ची होय. कंपनीचा लाभ यांत उघड आहे. उत्पन्न नियमित येतें. ज्याचा धंदाच फोटोंचा, त्यालाहि नवीं उपकरणें सतत मिळत असल्यानें वर्गणी परवडते. परंतु दिवाळी, एखादी मुंज आणि सहल मिळून वर्षाकाठीं पन्नास फोटो नीट करणाऱ्या गृहस्थाचा हिशेब निराळा. दरमहा दोनशें रुपये धरले तरी वर्षाचे २,४०० आणि पांच वर्षांचे १२,००० रुपये होतात. आणि सहाव्या वर्षीं वर्गणी थांबवितांच साधन हातचें जातें.

म्हणून आधीं काम पाहावें, मग किंमत. घरगुती कामाचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग म्हणजे कडा कापणें, तिरपें चित्र सरळ करणें, उजेड कमी-अधिक करणें. एवढ्यासाठीं मोबाईलमध्यें मुळांतच असलेली सोय बहुधा पुरते. ती न पुरल्यास स्नॅपसीड आहे. तें २०११ मध्यें निघालें, २०१२ मध्यें गूगलकडे गेलें, आणि त्यास वर्गणी नाहीं.

दुसरा वर्ग जुन्या, पिवळ्या पडलेल्या, चिरा गेलेल्या कौटुंबिक फोटोंचा. असा फोटो स्कॅन करून संगणकावर घ्यावा. येथें गिंप हा प्रोग्राम उपयोगीं पडतो. १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनीं तो आरंभिला. त्याची रचना सर्वांस खुली असून तो विनामूल्य आहे. मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति निघाली. चिरेशेजारचा निर्दोष भाग उचलून तो चिरेवर बसवावयाचा, हें त्यांतील मुख्य कसब; चांगला रफूगार वस्त्राचेच धागे घेऊन भोंक बुजवितो, तसेंच हें आहे. प्रारंभीं त्याची मांडणी अवघड वाटते, व हात बसेपर्यंत कांहीं दिवस धीर धरावा लागतो.

तिसरा वर्ग मोठ्या कॅमेऱ्यांतून निघणाऱ्या कच्च्या, म्हणजे रॉ, फोटोंचा. त्यांसाठीं डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्राम विनामूल्य आहेत. पूर्वीं एकरकमी किंमतीस मिळणारें ॲफिनिटी हेंहि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हा कंपनीनें खातें उघडणारास मोफत केलें आहे. मात्र त्यांतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींस पैसे पडतात.

‘मोफत’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा. गिंपसारखें साधन मोफत असतें. जाहिराती दाखवून चालणारें साधनहि मोफत म्हणवितें. आणि सात दिवस मोफत देऊन आठव्या दिवशीं खात्यांतून पैसे उचलणारेंहि तेंच नांव लावितें. प्ले स्टोअरवर ॲपच्या नांवापाशीं आंत खरेदी असल्याची सूचना असते, ती प्रथम वाचावी. दुसरें असें कीं, मोबाईलमधून ॲप पुसलें म्हणजे वर्गणी बंद होत नाहीं. ती स्टोअरच्या वर्गणी-विभागांत जाऊन स्वतंत्रपणें रद्द करावी लागते. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या अशा रकमेची सूचना बँकेनें निदान चोवीस तास आधीं द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून अंमलांत आला आहे. असा संदेश न वाचतां पुसून टाकूं नये.

परंतु पैशाहून मोठी गोष्ट आणखी एक आहे. पिकासा हा गूगलचा मोफत प्रोग्राम एके काळीं पुष्कळ घरांत होता; २०१६ मध्यें गूगलनें त्याचा पाठिंबा काढून घेतला. त्यांत केलेली दुरुस्ती स्पष्टपणें जतन न केल्यास ती निराळ्या टिपणांत राहत असे, आणि दुसऱ्या प्रोग्रामांत उघडतांच फोटो पूर्ववत् दिसे. एकदांच पैसे देऊन घेतलेलें साधनहि अमर नसतें. फोटोशॉप एलिमेंट्स हें एकरकमी मिळतें खरें, पण त्याच्या २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांचाच आहे. तेव्हां साधन कोणतेंहि घ्या, मूळ फोटो कधीं बदलूं नये, दुरुस्ती त्याच्या नकलेवर करावी. काम पुरें झालें कीं त्याची एक प्रत जेपेग किंवा टिफ या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपांत काढावी, आणि ती व मूळ फोटो हीं दोन्हीं निराळ्या डिस्कवर ठेवावीं.

निवड करतांना घरांतील एकच जुना फोटो घ्यावा आणि विनामूल्य साधनावर त्याची दुरुस्ती करून पाहावी. काम साधलें तर खर्चाचा प्रश्न तेथेंच मिटला. न साधलें, तर नेमकें काय अडलें तें कागदावर लिहून ठेवावें. आणि पैसे द्यावयाचेच झाले, तर त्या अडचणीपुरते द्यावेत. आजीच्या फोटोवरील चीर एकदां बुजली म्हणजे पुरे. तिच्यासाठीं दरमहा कोणाचें देणें लागण्याचें कारण नाहीं.