लॅम्डा की अनॉनिमस क्लास?

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा पहिल्यापासून क्लासभोवती रचलेली असल्यामुळे एखादी छोटी कृती दुसऱ्या मेथडच्या हवाली करायची झाली, तरी ती आधी एखाद्या क्लासमध्ये बसवावी लागे. १९९७ च्या जावा १.१ ने त्यासाठी अनॉनिमस क्लास, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहून लगेच त्याचा ऑब्जेक्ट घडवता येणारा क्लास, उपलब्ध करून दिला. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत लॅम्डा एक्स्प्रेशन आले, ज्यात बाणाच्या डावीकडे पॅरामीटर आणि उजवीकडे करायचे काम एवढेच उरते. नावांची यादी लांबीनुसार लावणारा कम्पॅरेटर पूर्वी पाच-सहा ओळी घेई, तो एका ओळीत मावू लागला आणि त्यातूनच लॅम्डा हे अनॉनिमस क्लासचे नुसते आखूड रूप होय, असा समज पसरला. हा समज महागात पडू शकतो.

कारण अनॉनिमस क्लासच्या आत ‘धिस’ म्हणजे त्या क्लासचा स्वतःचा ऑब्जेक्ट, तर लॅम्डामध्ये ‘धिस’ म्हणजे तो ज्या क्लासमध्ये लिहिला आहे त्याचा ऑब्जेक्ट. समजा, एखाद्या रनेबलमध्ये ‘सिंक्रोनाइज्ड’ ब्लॉक ‘धिस’वर लॉक घेत आहे. त्याचे लॅम्डात रूपांतर केले, की लॉक मुकाट्याने बाहेरच्या ऑब्जेक्टवर जातो. कंपायलर तक्रार करत नाही, पण एरवी स्वतंत्रपणे चालणारे थ्रेड एकमेकांची वाट पाहत थांबू लागतात. असा दोष शोधून काढणे फार जिकिरीचे असते.

शिवाय लॅम्डा फक्त फंक्शनल इंटरफेससाठी, म्हणजे एकच अॅबस्ट्रॅक्ट मेथड असलेल्या इंटरफेससाठी चालतो. माउसलिसनरमध्ये अशा पाच मेथड आहेत आणि टायमरटास्क तर इंटरफेस नसून अॅबस्ट्रॅक्ट क्लास आहे, तेव्हा तिथे लॅम्डाचा प्रश्नच येत नाही. ऑब्जेक्टला स्वतःची फील्ड, उदाहरणार्थ किती वेळा हाक आली याची मोजणी, सांभाळायची असेल तरीही अनॉनिमस क्लासच योग्य. मात्र तो वाढू लागला, तर त्याला सरळ नाव देऊन वेगळा काढावा. बाकी सर्वत्र, विशेषतः स्ट्रीमवरील फिल्टर आणि मॅपसारख्या कामांत, लॅम्डालाच पसंती द्यावी, आणि तो तीन-चार ओळींपलीकडे गेला की त्यातले काम नाव असलेल्या मेथडमध्ये हलवून तिथे मेथड रेफरन्स ठेवावा.