इंग्रजीतील प्रगत शब्दसंपदा : निवड, अर्थग्रहण आणि अध्यापन

दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजी हा केवळ एक विषय राहत नाही. अनेक विषयांची पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका त्याच भाषेत असतात. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘अकाउंट फॉर द राइज इन प्राइसेस’ असा प्रश्न आला, तर ‘अकाउंट’ म्हणजे हिशेब एवढेच पाठ केलेला विद्यार्थी आकडे मांडू लागण्याची शक्यता असते. भाववाढीची कारणे त्याला ठाऊक असतात. ‘अकाउंट फॉर’ म्हणजे कारणे देऊन स्पष्ट करा, हे ठाऊक नसते. विषय येतो, पण शब्द अडतो. गुण जातात आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे आपल्याला हा विषयच जमणार नाही, अशी त्याची समजूत होते. म्हणून प्रगत शब्दसंपदेचा प्रश्न एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाचा नाही. प्रस्तुत लेखात शब्दांची निवड, अर्थ समजण्याची प्रक्रिया आणि वर्गातील योजना या तीन अंगांनी त्याचा विचार केला आहे.

कोणते शब्द शिकवावेत?

‘प्रगत शब्द’ म्हणजे अवघड, क्वचित भेटणारा शब्द असा समज रूढ आहे. नॉर्मन लुईस यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’सारख्या पुस्तकांतून ‘लोक्वेशस’ (वाचाळ) यासारखे शब्द पाठ करण्याची प्रथा स्पर्धा परीक्षांमुळे पक्की झाली. अशा पुस्तकांचा उपयोग नाही असे नव्हे; परंतु प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची निकड वेगळी आहे. परीक्षांचाही कल बदलला आहे. अमेरिकेतील जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाम्याचे प्रश्न २०११ साली वगळण्यात आले, तर एसएटी परीक्षेत २०१६ पासून दुर्मीळ शब्दांऐवजी संदर्भानुसार अर्थ ओळखण्यावर भर आला.

निवडीसाठी दोन याद्या मार्गदर्शक ठरतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यापुढचा टप्पा म्हणून न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लेखनाची छाननी करून २००० साली ५७० शब्दकुटुंबांची यादी सिद्ध केली. ‘अ‍ॅनलाइज’, ‘असेस’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘व्हेरी’ (बदलणे) हे त्यातील शब्द. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चारही शाखांत ते भेटतात आणि शैक्षणिक मजकुराचा सुमारे १० टक्के भाग व्यापतात. पॉल नेशन यांनी २००६ साली दाखवून दिले की, सर्वसाधारण इंग्रजी पुस्तक कोणाच्या मदतीविना वाचण्यास ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात. एवढा पल्ला वर्गात गाठता येत नाही, तो वाचनानेच गाठावा लागतो. मात्र ५७० चा पल्ला वर्गाच्या आवाक्यात आहे.

माद्दा आणि उपसर्ग

शब्दकुटुंब ही कल्पना उर्दू व मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला परकी नाही. अरबीतून उर्दूत आलेल्या इल्म, आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम या शब्दांचा माद्दा एकच आहे. मराठीत ‘हार’ या घटकाला उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार असे शब्द बनतात. इंग्रजीत ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे या लॅटिन धातूपासून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, डिपोर्ट हे शब्द आले आहेत. फळ्यावर तिन्ही कुटुंबे शेजारी मांडली, तर नवे शब्द सुटे न राहता ओळखीच्या रचनेत बसतात.

येथे एक सावधगिरी हवी. घटकांवरून काढलेला अर्थ नेहमी बरोबर असतोच असे नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ अमूल्य असा आहे. मराठी ‘अमूल्य’मध्येही ‘अ’ असून किंमत नाही असा अर्थ होत नाही, हे दाखविले की विद्यार्थ्याला पटते. धातू दिशा दाखवितो. निर्णय वाक्य आणि शब्दकोश यांनी करायचा.

एका शब्दाला एकच अर्थ?

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एक मराठी किंवा उर्दू प्रतिशब्द, ही पद्धत प्रारंभी उपयोगी पडते, पण तेथेच थांबल्यास घात करते. ‘इंटरेस्ट’ मानसशास्त्रात रुची, बँकव्यवहारात व्याज, तर राज्यशास्त्रात हितसंबंध होतो. ‘इश्यू’ कधी वादाचा मुद्दा, कधी नियतकालिकाचा अंक, तर कधी भागविक्री असतो.

सीमाभागातील किंवा हैदराबादेतील विद्यार्थ्याला हा अनुभव घरातच मिळालेला असतो. उर्दूत ‘हैरान’ म्हणजे चकित. मराठीत ‘हैराण’ म्हणजे त्रासून गेलेला. उर्दू ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ती किंवा वाद. मराठी ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. शब्द प्रवासात अर्थ बदलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ समजावणे सोपे जाते. बहुभाषिकता ही अडचण नसून भांडवल आहे.

शब्दाची संगतही अर्थाइतकीच महत्त्वाची असते. मराठीत शपथ घेतात, उर्दूत कसम खातात. मराठीत निष्कर्ष ‘काढतात’. इंग्रजीतही ‘कन्क्लूजन’बरोबर ‘ड्रॉ’ येते. पण ‘रिसर्च’बरोबर ‘कंडक्ट’ येते, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. म्हणून शब्द एकटा न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा.

मातृभाषेचे स्थान

इंग्रजी शब्द शिकविताना स्वभाषा वर्गाबाहेर ठेवावी, हा आग्रह हितकारक नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण दिले आणि त्यासाठी भाषांतर विभागाने विविध शास्त्रांच्या परिभाषा घडविल्या. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्री सयाजीशासन शब्दकल्पतरु’ हा बहुभाषिक प्रशासकीय कोश प्रसिद्ध झाला. संकल्पना स्वभाषेत स्पष्ट झाली की इंग्रजी शब्द केवळ नवे नाव उरतो. संकल्पनाच अस्पष्ट असेल, तर शब्द पाठ होऊनही निरुपयोगी ठरतो.

विस्मरण आणि उजळणी

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले की, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या काही तासांत व दिवसांतच विसरला जातो. १९७० च्या दशकात जर्मनीतील सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर चिठ्ठ्यांच्या पेटीचा उपाय सुचविला. चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द व दुसरीकडे अर्थ आणि वाक्य. आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की पहिल्या कप्प्यात परत. पुढच्या कप्प्याची उजळणी अधिक दिवसांनी होते. रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे लावूनही अशी पेटी होते. मर्म एवढेच की अर्थ आधी आठवायचा, मग चिठ्ठी उलटायची. यादी वारंवार नुसती वाचल्याने ओळख वाढते, स्मरण वाढत नाही.

वर्गासाठी योजना

आठवड्याला १० शब्दकुटुंबे घेतल्यास ३० अध्यापन-आठवड्यांत ३०० होतात. दोन वर्षांत ५७० ची यादी पूर्ण होते. प्रारंभ प्रश्नपत्रिकेतील आज्ञार्थी शब्दांनी करावा : ‘जस्टिफाय’ म्हणजे समर्थन करा, ‘डिस्टिंग्विश’ म्हणजे फरक स्पष्ट करा, ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे गुणदोष तपासून मत द्या. प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या धड्यातील दोन शब्द निवडले, तरी पाच विषयांचे मिळून आठवड्याचे १० शब्द होतात आणि ते खऱ्या मजकुरातून आलेले असतात. चाचणीत केवळ अर्थ न विचारता त्या शब्दाचे वाक्य मागावे.

या योजनेस खर्च लागत नाही. लागतो तो विषयशिक्षकांचा आपसांतील समन्वय. अभ्यास करूनही केवळ प्रश्नातील एका शब्दापाशी अडलेला विद्यार्थी मागे राहू नये, एवढे तरी त्यातून निश्चित साधेल.