उरलेल्या रिळांचा सिनेमा

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला, तेव्हा तो चार रिळांचा होता. आज त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे हाताशी आहेत. तीसुद्धा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. फाळक्यांवरचा कोणताही माहितीपट काढा, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा भेटतात: ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी, आणि फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून तपासणारे खुद्द दादासाहेब. आपल्या सिनेमाचे बालपण आपल्याला ठाऊक आहे ते अशा तुकड्यांवरून.

या तुकड्यांकडे बहुतेक जण पुरावा म्हणून पाहतात. पण चित्रपटकारांची एक जात अशी आहे की तिला त्यांत नव्या चित्रपटाचा कच्चा माल दिसतो. कुणीतरी कधीतरी चित्रित केलेली, विसरलेली, अडगळीत पडलेली फिल्म घ्यायची, ती तासन् तास न्याहाळायची आणि तिच्यातून मूळ छायाचित्रकाराच्या ध्यानीमनी नसलेला चित्रपट काढायचा. इथे कॅमेऱ्याच्या आधी कात्री हाती येते. या कलेचा बडोद्याशी जुना आणि जवळचा संबंध आहे. मराठी वाचकांना तो फारसा ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्यास आले आणि कलाभवनात त्यांचा हात चौफेर फिरला. रंगकाम, मातीच्या प्रतिकृती, वास्तुकला आणि मुख्य म्हणजे छायाचित्रण. गज्जरांनी त्यांना तिरंगी ठसे बनवण्याचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले, आणि परतल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली. पुढे काही काळ ते नाटक कंपन्यांचे पडदेही रंगवत होते. काचेची निगेटिव्ह धुणे, तिच्यावरून छाप काढणे, एका प्रतिमेवर दुसरी चढवणे, ही सगळी हातोटी सिनेमा भारतात पोहोचण्याआधी, नाहीतर त्याच सुमारास, फाळक्यांच्या बोटांत मुरली होती. ‘कालिया मर्दन’मधली किमया मला त्या अंधारखोलीतून आलेली वाटते. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले. ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये निराळी उभी राहिली. आणि याच विद्याशाखेतून जुन्या प्रतिमांवर काम करणारी माणसे बाहेर पडली.

त्यांच्याकडे जाण्याआधी ही कला जगात कुठून आली, ते थोडक्यात. १९२७ साली एस्फिर शूब या रशियन संकलिकेने ‘रोमानोव्ह राजवंशाचा अंत’ हा चित्रपट केला. त्यासाठी तिने जवळपास साठ हजार मीटर फिल्म डोळ्यांखालून घातली. तीत खुद्द झारच्या घरची, हौसेने काढून घेतलेली रिळे होती. त्या चित्रपटात एक जागा आहे: जहाजाच्या डेकवर सरदार-दरकदार नाचतात आणि नाचून नाचून घाम पुसतात, लगेच पुढे घाम गाळणारे मजूर येतात. दोन्ही दृश्ये काढणाऱ्यांच्या मनात ही जोडी नव्हती, ती शूबच्या टेबलावर जमली. झारच्या कौतुकासाठी काढलेली फिल्म एका जोडाने झारविरुद्ध साक्ष देऊ लागली. या कलेचे मर्म मला कुणी विचारले तर मी हाच जोड दाखवीन.

अमेरिकेत जोसेफ कॉर्नेलने १९३६ साली ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या साहसपटाची प्रत कापली, त्यातली नायिका तेवढी ठेवली, आवाज काढून टाकला आणि निळ्या काचेतून ती पडद्यावर दाखवली. ब्रूस कॉनरने १९५८ मध्ये वार्तापट आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून बारा मिनिटांचा ‘अ मूव्ही’ केला. बिल मॉरिसनने २००२ साली ‘डिकेशिया’मध्ये सडलेली नायट्रेट फिल्म जशीच्या तशी दाखवली. त्यात एक मुष्टियोद्धा फिल्मवर पसरलेल्या डागाशी झुंजताना दिसतो आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

प्रत्यक्ष काम मात्र संथ आणि हाताचे असते. डबा उघडला की आधी वास घ्यायचा. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की तिला व्हिनेगरचा आंबूस वास येतो. रसायन फिल्ममधूनच सुटते आणि शेजारच्या रिळांनाही लागते. मग पट्टी टेबलावर हळूहळू उलगडायची, कडेची भोके शाबूत आहेत का पाहायची, फिल्म आक्रसली आहे का ते मोजायचे, जुने जोड सुटले असतील तर नव्याने घालायचे. आठ मिलिमीटरची चौकट करंगळीच्या नखाहूनही लहान. तिच्यात काय आहे हे स्कॅन करून मोठे केल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर चित्रपटकाराचे खरे काम सुरू होते आणि त्याची हत्यारे मोजकीच असतात: गती कमी करणे, एखादे दृश्य पुन्हा आणणे, चौकटीचा एक कोपरा मोठा करून दाखवणे, क्रम बदलणे, मूळचा आवाज काढणे. सरकारी वार्तापटाचे निवेदन बंद केले की आधी नुसती गर्दी म्हणून पाहिलेल्या लोकांना चेहरे येतात. कुणी थेट कॅमेऱ्याकडे पाहत असतो, कुणी मुलाला पुढे ढकलत असतो.

इथे माझी एक ठाम तक्रार आहे. आपल्याकडच्या बऱ्याच माहितीपटांत जुनी फिल्म निवेदनाखाली भरतीसाठी वापरली जाते. विषय बेचाळीसच्या चळवळीचा असला की कुठल्याही मोर्चाचे धूसर चित्र चालते; ते कुठले, कुणी काढले, कुणाच्या सांगण्यावरून काढले, हे कुणी विचारत नाही. प्रयोगशील चित्रपटकार नेमके हेच प्रश्न विचारतो. म्हणून प्रयोग म्हणून हिणवल्या गेलेल्या या चित्रपटांत मला इतिहासाविषयी जास्त प्रामाणिकपणा दिसतो.

आयेशा अब्राहम बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला शिकल्या. पुढे बंगळुरात राहून त्यांनी घरगुती फिल्म गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या ‘स्ट्रेट एट’ (२००५) या लघुपटाच्या केंद्रस्थानी टॉम डी’अगियार हे बंगळुरातले अँग्लो-इंडियन हौशी छायाचित्रकार आहेत. डी’अगियार यांनी आपल्या घरचे, मित्रमंडळींचे, आसपासच्या जगाचे चित्रण आठ मिलिमीटरवर केले होते. ना पैशासाठी, ना नावासाठी. भारतीय सिनेमाच्या कुठल्याच इतिहासात अशा माणसाला जागा नसते. अब्राहम यांनी ती दिली, तीही त्याची फिल्म चकचकीत न करता, तिच्यावरचे ओरखडे आणि डाग राखून. पुढे ‘आय सॉ अ गॉड डान्स’ (२०११) मध्ये त्या नर्तक रामगोपाल यांच्याकडे वळल्या. देशाचा इतिहास आपण मिरवणुकांत आणि भाषणांत शोधतो. हौशी कॅमेऱ्याने तो अंगणात, सहलीत, जेवणाच्या टेबलावर टिपलेला असतो.

याच विद्याशाखेचे विवान सुंदरम. त्यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली कुटुंबाची छायाचित्रे घेतली आणि २००१ पासून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका संगणकावर जुळवली. त्यात मावशी अमृता शेरगिल वेगवेगळ्या वयांत एकाच चौकटीत येते, कधीच एकत्र न बसलेली माणसे शेजारी बसतात. हे स्थिरचित्र आहे, तरी रीत चित्रपट-संकलनाचीच. लंडनमध्ये स्लेड स्कूलला असताना सुंदरम यांनी चित्रपटाचा इतिहासही अभ्यासला होता, हे ही मालिका पाहताना जाणवते.

आणि बडोदे स्वतः ज्याचे पात्र झाले तो चित्रपट म्हणजे अविजित मुकुल किशोर आणि रोहन शिवकुमार यांचा ‘नॉस्टॅल्जिया फॉर द फ्युचर’ (२०१७). किशोर छायाचित्रकार, शिवकुमार वास्तुरचनाकार. निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची, लांबी ५४ मिनिटे. आधुनिक भारतीय माणसाने कसल्या घरात राहावे, या कल्पनेचा ते चार ठिकाणी माग घेतात: बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा, साबरमती आश्रम, अहमदाबादेतले ल कार्बुझिएचे शोधन यांचे घर आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीत उभ्या राहिलेल्या सरकारी वसाहती. सोळा मिलिमीटरवरचे आणि डिजिटल असे आजचे चित्रण, आणि त्याला जोडून जुने सरकारी प्रचारपट व लोकप्रिय सिनेमातली दृश्ये. मेजर चार्ल्स मँटने आखलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझमने १८९० मध्ये पुरा केलेला हा राजवाडा आपण बडोदेकर पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. हा चित्रपट त्याच्या भिंतींना आश्रमाच्या साध्या खोल्यांशेजारी आणतो, मग सरकारी कारकुनाच्या घराशेजारी. प्रचारपटातली नीटनेटकी, हसरी कुटुंबे त्यांच्यामध्ये आली की त्या हसण्यामागचा आदेश ऐकू येतो. शूबच्या जहाजाचा डेक मला इथे पुन्हा आठवला.

पण जोडायला आधी काही उरले पाहिजे. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण-अपूर्ण धरून मूठभर राहिले. नायट्रेट फिल्म पेट घेणारी, म्हणून कुणाला घरात नको होती. तिच्यातली चांदी काढून विकली जाई आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या होत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून रिळे जमवली, म्हणून फाळके आपल्याला दिसतात तरी. त्या पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या मूळ नायट्रेट प्रती गेल्या. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ साली केलेला ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा प्रयोगपट एकाच प्रतीत होता. ती प्रत हरवली. अशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला तो पदमसींच्या आठवणींवरून.

बडोद्यात तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, कारण भिंत सगळ्यांना दिसते. पत्र्याच्या डब्यातले रीळ कुणाला दिसत नाही. वाडी, दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या शहराच्या भागांत गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबे नांदली. आता घरे पाडून इमारती होत आहेत आणि माळे रिकामे होत आहेत. एखाद्या मुंजीचे, गणपतीच्या आरतीचे, दसऱ्याच्या स्वारीचे आठ वा सोळा मिलिमीटरचे रीळ, काचेच्या निगेटिव्ह, मागे शाईने नावे लिहिलेले फोटो, हे सगळे भंगारात जाते ते निष्काळजीपणाने नव्हे. याचे कुणाला काय, असे घरच्यांना वाटते, म्हणून. पण त्याचे मोल मोठे आहे. उद्याच्या शूबला आणि अब्राहमला हेच लागणार आहे.

तेव्हा वाडीतल्या आणि वाडी सोडून गेलेल्या घरांना एवढी विनंती. असा डबा सापडला तर रीळ कौतुकाने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. आक्रसलेली फिल्म तुटते. व्हिनेगरचा वास येत असेल तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे करा. उन्हापासून, ओलीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवा. फिल्म कडेने धरा, चित्रावर बोट लावू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. स्कॅन करून घेतलेत तरी मूळ रीळ टाकू नका. आणि घरातले वडीलधारे आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून, चित्रात कोण आहे, जागा कोणती, साल कोणते, कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे कागदावर लिहून तो कागद डब्याबरोबर ठेवा.