समुद्रफुलांचा घरोबा

मालवणात खाऱ्या पाण्याची टाकी घरात मांडली की एक प्रश्न चुकत नाही. ‘दर्या दारात आसताना ह्यां खारां पाणी काचेत कित्याक?’ विचारणाऱ्याचं तसं काही चुकत नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणानंतर पाणी खोल उतरतं, खडपं उघडी पडतात आणि डबक्याडबक्यांत समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन नावाचे प्राणी, फुकट बघायला मिळतात. पाणी आहे तोवर शुंडकांचा घेर पसरलेला, पाणी गेलं की अंग मिटून जांभळाएवढा बुळबुळीत गोळा. कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना ती रोजचीच.

काचेत ठेवण्याची हौस मात्र दूरवरून आली. या हौशीच्या इतिहासातली सगळ्यात नामांकित व्यक्ती स्कॉटलंडची. एडिंबरोच्या सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून एक समुद्रफूल उचललं आणि घरी बरणीत ठेवलं. पंप नाही, दिवा नाही, गाळणी नाही. वरचेवर बदललेलं समुद्राचं पाणी आणि अधूनमधून शिंपल्यातलं थोडं मांस, एवढ्यावर ते जगलं. १८५१ साली डॅलिएल गेले, फूल राहिलं. एका अभ्यासकाने ते दुसऱ्याच्या हवाली केलं, त्याने तिसऱ्याच्या. एव्हाना त्याचं नाव ‘ग्रॅनी’ पडलं होतं. १८५७ साली या आजीबाईंनी एका रात्रीत २३० पिल्लं तोंडावाटे बाहेर सोडली. या जातीची पिल्लं आईच्या पोटातच वाढतात आणि तोंडातूनच जगात येतात. १८८७ साली ती वारली तेव्हा वर्तमानपत्रात मृत्युलेख आला. आजच्या महागड्या यंत्रसामग्रीपुढे ही बरणी मला नेहमीच खट्याळ वाटत आली आहे.

या कथेला दुसरी बाजूही आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ आलं आणि इंग्लंडभर दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या अवतरल्या. लोक छिन्नी-हातोडा घेऊन किनाऱ्यावर उतरले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत लिहून ठेवलं की वडिलांच्या पुस्तकांनी वेडावलेल्या लोकांनी किनाऱ्यावरची डबकी पार ओरबाडून टाकली. एका बरणीतल्या फुलाला शेकडो पिल्लं होत होती, तरी पेटी भरायला लोक खडकच खरवडत राहिले. पैदास जमत असताना ती कोणी मनावर घेतली नाही, हा या छंदाचा जुना दोष. तो अजून पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे या जिवांशी पहिला घरोबा हौशी लोकांनी केला नाही, शास्त्रज्ञांनी केला. मद्रासजवळच्या मचूळ पाण्यातल्या एका छोट्या, तोवर अनोळखी समुद्रफुलावर एन. केशव पणिक्कर यांनी १९३७ साली निबंध लिहिला. नर-मादीशिवाय ते आपली संख्या कशी वाढवतं, याची हकीकत त्यात आहे. हेच पणिक्कर पुढे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. गोव्यातल्या त्याच संस्थेतले अ. ह. परुळेकर हे आपल्या किनाऱ्याच्या समुद्रफुलांचे जाणकार. मुंबईच्या समुद्रफुलांवरचा त्यांचा लेख १९६८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि १९८१ साली मालवणच्या सागरी जीवसृष्टीवरचा. त्यानंतर सहा वर्षांनी, १३ एप्रिल १९८७ रोजी, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांचा त्याला झालेला विरोध, हद्दीचे वाद, हा वेगळा आणि मोठा विषय. टाकीवाल्यांपुरतं सांगायचं तर अभयारण्यातला ‘जिवंत दगड’ही, म्हणजे बारीकसारीक जिवांनी वसलेला दगडही, परवानगीशिवाय उचलता येत नाही. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं, म्हणजे प्रवाळ चिकटलेला दगड कुठूनही आणला तरी गुन्हाच.

नेमकं याच सुमारास मागणी वाढली. २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि जो तो त्यातला पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा, क्लाउनफिश, आणि त्याचं फूल मागू लागला. समुद्रफुलांच्या हजारावर जाती आहेत. त्यांतल्या अवघ्या दहा या माशाला आसरा देतात, आणि त्यांतली काही परातीएवढी पसरतात. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलं. मासा कौलाच्या किंवा मडक्याच्या तुकड्यावर अंडी घालतो, आठवडाभरात पिल्लं सुटतात, त्याला फुलाची गरजही नसते. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने अशा शोभिवंत माशांचं पैदास केंद्र उभारलं. मासा असा हॅचरीत जन्मू लागला, पण मोठी फुलं बहुतांशी समुद्रातूनच येत राहिली. म्हणून घरात छोटीच ठेवावीत, असं माझं मत बनत गेलं.

सिंधुदुर्गात हा छंद कोकण रेल्वेच्या वाटेने आला, मुंबईहून क्रॉफर्ड मार्केटच्या पिशव्यांतून. बहुतेकांचं पहिलं फूल विकत घेतलेलं नसतंच. ते दगडाला चिकटून येतं आणि महिन्याभराने कोपऱ्यात हात पसरताना दिसतं. ही एप्टेशिया. चालता चालता तिच्या पायाचा कण मागे राहिला तरी त्यातून नवं फूल उभं राहतं, म्हणून टाकीवाले तिला तणासारखी उपटतात, आणि उपटताना तुकडे करून आणखी वाढवतात. प्रयोगशाळांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. प्रवाळ आणि त्यांच्या पेशींत राहणारी शैवालं यांचं नातं समजून घ्यायला तीच सोयीची ठरली, आणि २०१५ साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९२ साली कॅलिफोर्नियात कॅडेट हँड आणि केविन उलिंगर यांनी नेमाटोस्टेला या बोटाच्या पेराएवढ्या फुलाचं अख्खं जीवनचक्र भांड्यांत चालवून दाखवलं होतं.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. मे महिन्यात घरातलं पाणी एकतीस-बत्तीस अंशांवर जातं; पाणी थंड करणारा चिलर परवडत नाही म्हणून पाण्यावर पंखा लावतात. पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्याने नव्हे. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या भरून वाहिल्या की किनाऱ्याचं पाणी मचूळ आणि गढूळ. मग मेमध्येच कॅन भरून अंधारात ठेवायचे, नाहीतर पाकिटातलं मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने विजेचे खांब लोळवले आणि कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. मासे असलेल्या टाकीचे अशा वेळी हाल होतात. छोटी समुद्रफुलं हवेचा पंप बॅटरीवर चालला तरी तग धरतात, खाणं आठवडाभर चुकलं तरी चालतं. एरवी सुंगटाचा तांदळाएवढा तुकडा आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतो. त्यांना खरं भय लाटयंत्राच्या पात्याचं आणि माशांच्या औषधातल्या तांब्याचं.

वाढलेली पिल्लं दर्यात सोडायची नाहीत, कारण टाकीतला रोग किंवा परकी जात तिकडे जाता कामा नये. ती कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या ओळखीच्या घरी जातात. पिल्लू दगडावरून नखाने खरवडलं तर फाटतं. त्याआधी काही आठवडे त्याच्या शेजारी रिकामे शिंपले ठेवले की ते आपणहून त्यांवर सरकतं. मग शिंपल्यासकट पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. उन्हाळ्यात सकाळची पहिली एसटी बरी, दुपारच्या गाडीने पाठवलेलं निम्मं फुकट जातं.