पुराआधी बोटीचा प्लग पाहा
नदीकाठच्या गावांनी मृगाआधीच करून ठेवावे असे काम

शिरूर-दौंडच्या नदीकाठाला पूर नवा नाही. खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुळा-मुठेने येते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि दौंडवरून उजनीत जाते. घोडही पुढे भीमेलाच मिळते. मळ्यात माणसे अडकली की मोटरबोट लागते. पण ताडपत्रीखाली पडून राहिलेली बोट ऐनवेळी दगा देते, आणि पुष्कळदा दोष निघतो तो बोटाएवढ्या प्लगचा.

भर धारेत इंजिन बंद पडले की बोट पुलाच्या खांबाकडे वाहत जाते. तेव्हा प्लग बदलू म्हणाल तर जमायचे नाही. बोटीच्या मागे टांगलेल्या पेट्रोल इंजिनाचे प्लग बहुधा मागच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला असतात. त्यासाठी पाण्यावर ओणवे व्हावे लागते. पाना निसटला की गेलाच नदीत! म्हणून हे काम काठावर, इंजिन थंड असताना करा.

आधी बॅटरीची वायर आणि इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी काढा. विडी-काडी लांब ठेवा. पेट्रोलची वाफ जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. प्लगभोवतीची वाळू फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये उतरेल. टोपी वायरला धरून ओढू नका. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही.

अडचणीतल्या प्लगला लांब दांड्याचा प्लगपाना वापरा. नवा प्लग बसवताना त्याच्या वरच्या टोकावर वीतभर रबरी नळी घट्ट खोचा आणि नळीनेच फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी नुसती घसरते, आटे वाचतात. हेड ॲल्युमिनियमचे असते. पान्याने जोर केलात तर प्लगचा खर्च राहील बाजूला, हेडचा खर्च गळ्यात पडेल. हाताने पूर्ण बसल्यावर वायसरचा नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेराच आवळा. प्लगचा नंबर आणि फटीचे माप इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा.

जुना प्लगही न्याहाळा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा, तेलकट असेल तर ऑईलचे प्रमाण तपासा. पांढराफटक असेल तर इंजिन तापते आहे, मिस्त्रीला दाखवा.

इंजिन कोरडे चालवून पाहू नका, पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबर जळते. खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालू करा. डिझेल बोटीला मात्र हे प्लग नसतातच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्लग बदलल्याची तारीख वहीत लिहावी. नवे प्लग, पाना आणि नळीचा तुकडा झाकणाच्या डब्यात घालून बोटीतच बांधून ठेवावा. कपाटात कुलूपबंद ठेवलेला प्लग पुराच्या रात्री कोणाच्याच उपयोगाचा नाही.