तलवारबाजीच्या पात्याची निगा

भोपाळच्या तात्या टोपे नगर क्रीडासंकुलात मध्य प्रदेश शासनाच्या अकादमीतर्फे तलवारबाजीचे शिक्षण दिले जाते. येवल्यास जन्मलेल्या सेनानीचे नाव ज्या जागेला लाभले, तेथे मुलामुलींनी तलवार हाती धरावी हा योग मोठा सुरेख आहे. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भवानी देवी हिने सेबर हा प्रकार खेळला. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तेव्हापासून या खेळाचे नाव पुष्कळ घरांत पोहोचले. खेळणाऱ्या मुलाबरोबर त्याचे हत्यारही घरी येते. परंतु त्याला धार नाही, टोक बोथट आहे, असे पाहून घरची मंडळी निश्चिंत होतात आणि क्रिकेटच्या बॅटीप्रमाणे ते कोपऱ्यात उभे राहते.

ही निश्चिंती बरी नव्हे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फॉइल प्रकाराचे सुवर्णपदक मिळविणारा सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत खेळत असता प्रतिस्पर्ध्याचे पाते तुटले. तुटके टोक मुखवट्याची जाळी भेदून आत गेले आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. प्रतिस्पर्ध्याचा त्यात दोष नव्हता. पुढे मुखवटे, पोशाख आणि पाती या सर्वांचे नियम कडक झाले. साबूत पाते इजा करीत नाही. भय आहे ते तुटलेल्या पात्याचे.

पाते तुटते का? प्रत्येक स्पर्शाच्या वेळी ते धनुष्यासारखे वाकते व पुन्हा सरळ होते. असे हजारो वेळा झाले की पोलाद थकते. ही थकावट प्रथम एखाद्या खाचेपाशी वा गंजाने पडलेल्या खळीपाशी चिरेचे रूप घेते आणि ती चीर नकळत आत शिरत जाते. मोठ्या स्पर्धांसाठी मारेजिंग नावाच्या निकेलयुक्त पोलादाची पाती वापरतात. त्यांत चीर सावकाश वाढते, इतकेच. मारेजिंग पाते तुटले तरी बोथटच तुटते, हा समज निखालस चुकीचा आहे.

तेव्हा घरच्या निगेचा पहिला शत्रू गंज. भोपाळचा पावसाळा चांगला चार महिन्यांचा, आणि खेळून आल्यावर घामाने भिजलेला हातमोजा व जाकीट ज्या पिशवीत, त्याच पिशवीत पाते कोंबण्याची मुलांची रीत! शस्त्रे पुसून पूजण्याचा आपला दिवस खंडेनवमीचा. पण ती येते पावसाळा सरता सरता, तोवर पात्याचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. घरी येताच पाते सुती फडक्याने कोरडे पुसावे, ओले कपडे वेगळे वाळत घालावेत. गंजाचा डाग दिसल्यास बारीक पॉलिश कागद पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, आडवा नव्हे. आडवे ओरखडे म्हणजे चिरेला आमंत्रणच. नंतर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा. खोबरेल नको, थंडीत ते थिजते. फॉइल आणि एपी यांच्या खोबणीत वीजवाहक तार चिकटवलेली असते व टोकाशी स्प्रिंगचे बटण असते. तेथे तेल जाऊ देऊ नये.

खाचा सेबरच्या पात्यावर अधिक पडतात. बोटाला टोचणारा कडेचा कंगोरा तेवढा बारीक कानशीने बसवावा. खाच मुळातून नाहीशी करण्याच्या हौसेने पाते घासून बारीक करू नये.

आता बाक. फॉइल व एपी यांच्या पात्याला १ सेंटिमीटरपेक्षा कमी, तर सेबरला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी बाक नियमाने चालतो. फॉइल-एपीचा बाक मध्याच्या आसपास, एकसारखा आणि उभ्या दिशेतच हवा. खेळताना तो वाढतो किंवा बाजूला वळतो. अशा वेळी रबरी चटईवर पाते, फुगीर बाजू वर येईल असे ठेवावे, त्यावर बुटाचा तळवा टेकवावा आणि मूठ किंचित उचलून पाते सावकाश मागे ओढावे. एका दमात सरळ करण्याचा हट्ट धरू नये. आठदहा वेळा हलके ओढणे बरे. मुठीजवळचा कोन बदलायचा असेल तर ते काम शेगडीवर तापवून घरी करू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. ते काम जाणत्या कारागिराकडे, शिकंज्यावरच व्हावे.

एक बाक मात्र कोणीही सरळ करू नये. पाते कमानीसारखे न वाकता एकाच ठिकाणी कोपरासारखे दुमडले असेल, तर तेथील धातू संपला. सरळ झालेले ते पाते दिसायला ठीक, पण पुढच्या वाराला तुटणारे. चीर दिसली तरी हाच न्याय. चांगले पाते काही हजार रुपयांना पडते, त्यामुळे पालकांचा जीव तुटतो आणि वेल्डिंगवाल्याकडे नेण्याचा मोह होतो. परंतु जोडलेले पाते दुसऱ्या कुणाच्या मुलासमोर न्यायचे असते. मूठ व हातावरची वाटी उतरवून ठेवावी, ती नव्या पात्याला बसते. जुन्या पात्याचे तुकडे करून ते भंगारात द्यावेत, म्हणजे धाकटा भाऊ ते अंगणात घेऊन खेळणार नाही.